ताऱ्याचा काठ

व्हियाफ्रांकाच्या केंद्रात रात्रपाळीला आम्ही दोघीच:
मी, दुर्बिणीची चालक,
आणि इत्सियार, बिल्बाओहून बसने आलेली,
मांडीवर तक्त्यांची चळत, खिशात भाजलेली चेस्टनट.
दुर्बीण इथे नाही.
ती अटलांटिकच्या वर टांगलीय, ताटाएवढ्या आरशाची,
कारण अतिनील उजेड खाली पोचतच नाही,
ओझोन वरच्या वर गिळतो.
बाहेर ओकची झाडं हिवाने पांढरी पडलेली,
किल्ल्याच्या बुरुजावर करकोचे एका पायावर.

ब्रह्महृदयाला आमच्याकडे शेळी म्हणतात.
तिच्याजवळ तीन करडं.
त्यातलं एक करडू म्हणजे खरं तर दोन तारे:
नारिंगी, फुगलेला, म्हातारा एक,
आणि त्याच्याभोवती फिरणारा निळा, तापट, लहानगा.
कलिंगडाशेजारी ऑलिव्ह, इत्सियार म्हणाली.
दर नऊशे बहात्तर दिवसांनी
ऑलिव्ह कलिंगडामागे जातं.
एकदम जात नाही.
आधी त्याचा उजेड म्हाताऱ्याच्या हवेतून
पदरापदराने गाळून येतो,
आणि प्रत्येक पदर त्यातलं थोडं ठेवून घेतो.

मागच्या ग्रहणाला मला सातवा महिना होता.
खुर्ची मागे सरकवून, हात लांब करून बटणं दाबायचे.
आता न्येवेस अख्खी वाक्यं बोलते,
झोपताना विचारते, तुझा तारा दिसला का गं?
मला तारा नाही दिसत, मी सांगते,
मला रेषा दिसतात.

सोमवारी चार खाचा होत्या.
मंगळवारी मोजायला बोटं पुरेनात.
बुधवारी लोखंडाच्या रेषांचं रान माजलं,
आणि मॅग्नेशियमच्या दोन उंच शिखरांची
निळ्याकडची बाजू
उंदराने कुरतडल्यासारखी.
"हा वारा," तिने पेन्सिल टेकवली.
"आपल्या दिशेने येतोय. तारा उसवत चाललाय."

मग तो संपतो कुठे, मी विचारलं.
काठ कुठला?
तिने चेस्टनट सोललं, टरफल बशीत टाकलं,
आतला पातळ तपकिरी पापुद्रा
नखाने ओढत राहिली.
तो सुटेना.

गुरुवारी पहाटे पट्ट्यांतले कण वाढले.
कॅमेऱ्यावर धुकं चढायला लागलं,
मोजणीचा आकडा माझ्यासमोर, मिनिटामिनिटाला वर.
ठरलेली चाळीस मिनिटं दिली असती
तर नुसती राख हाती आली असती.
साडेपाचला आमची पाळी संपणार,
दुर्बीण मेरीलँडच्या हवाली.
"वीस," इत्सियार म्हणाली.
"बारा," मी म्हणाले.
मला विचारलं नव्हतं कुणी. मी शास्त्रज्ञ नाही.
पण ह्या कॅमेऱ्याची आजारपणं मी काढलीत,
तो कधी कण्हतो ते मला कळतं.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
बारा.

चित्र ओळ ओळ उतरलं,
विणकाम वाढावं तसं, वरून खाली.
काळपट. ठिपकेच ठिपके.
आणि त्या लोखंडी रानात एका फटीत
निळा उजेड, दोऱ्याएवढा,
अजून होता.

फोन वाजला. मेरीलँड.
सुप्रभात, पुढचं आम्ही बघतो.
त्यांच्या पहिल्या चित्रात निळा नव्हता.

इत्सियार हसली नाही, रडली नाही.
नोंदवहीत बारा मिनिटं लिहिली
आणि पुढे माझं नाव, पूर्ण,
दोन्ही आडनावांसकट: कासिल्दा ओर्माएचेआ रियान्यो.
उरलेली चेस्टनट माझ्या डब्यात ओतली आणि
बस चुकेल म्हणून पळाली.

घरी न्येवेस भिंतीकडे तोंड करून झोपलेली.
"दिसला का?" डोळे न उघडताच.
"गेला मागे," मी म्हणाले.
तिच्या कपाळाकडे हात नेला.
टेकण्याआधीच
ऊब लागली.